उजेडाच्या चोरवाटा

अंधाऱ्या खोलीत रुथेनियम-बायपिरिडिनच्या केशरी द्रावणावर निळा प्रकाश टाकला की ते स्वतः नारिंगी-तांबडं उजळतं. १९५९ साली पॅरिस आणि ब्रँट या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी ही चमक पहिल्यांदा नोंदवली. मुंबईत पीएच.डी.ला लागले तेव्हा गाइडनी मला पहिलं काम दिलं ते हेच कॉम्प्लेक्स बनवायचं. सुट्टीत गावी देवबागला गेले की काकी विचारायची, "तुझ्या ह्या दिव्याक त्याल खंय घालतंस गो?" या एका प्रश्नामागे माझी नोकरीची सगळी वर्षं गेली.

तेल म्हणजे बाहेरून दिलेला प्रकाश किंवा वीज. कॉम्प्लेक्समध्ये मधोमध धातूचा अणू, भोवती सेंद्रिय रेणूंचं, म्हणजे लिगंडचं कडं. ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि खाली उतरताना ती ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. उजेड हा त्यातला एकच मार्ग. बाकी चोरवाटा पुष्कळ: रेणू थरथरून ती उष्णतेत घालवतो, शेजारून जाणारा दुसरा रेणू ती पळवून नेतो. म्हणून आमचं काम उजेड पाडण्याचं कमी आणि गळती बुजवण्याचं जास्त. बांधाला खेकड्यांनी पाडलेली भोकं शोधत फिरणाऱ्या शेतकऱ्यासारखं.

पुढे मी युरोपियम या धातूकडे वळले. तो स्वतः प्रकाश फार थोडा शोषतो. लिगंडने शोषलेली ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि मग तो लाल उजळतो, हे सॅम्युअल वाइसमन यांनी १९४२ साली दाखवलं. पण कड्यात पाण्याचा रेणू शिरला की त्यातल्या ओ-एच बंधाच्या कंपनांत ती ऊर्जा जिरते. साध्या पाण्यात युरोपियमची उत्तेजित अवस्था जेमतेम ०.१ मिलिसेकंद टिकते. जड पाण्यात ३ मिलिसेकंदांहून जास्त. जड पाणी आपल्याच कोकणात, अलिबागजवळ थळला बनतं. दर्या आणि कर्ली खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वाढलेली मी, आणि पगार घेत होते तो पाण्याला लांब ठेवण्याचा!

इरिडियमने तर बाजारच मारला. विजेवर उजळणाऱ्या ओएलईडी पडद्यात दर चार उत्तेजित अवस्थांपैकी साधारण तीन 'ट्रिप्लेट' प्रकारच्या असतात, आणि साध्या सेंद्रिय रेणूत त्या बहुतेक वाया जातात. इरिडियमसारखा जड अणू त्यांनाही उजेडाची वाट खुली करतो. १९९९ मध्ये त्याचं हिरवं कॉम्प्लेक्स ओएलईडीत वापरलं गेलं आणि ही गोष्ट सिद्ध झाली.

या ट्रिप्लेटची खोड एकच. ते जास्त वेळ टिकतात, म्हणून द्रावणातल्या प्राणवायूच्या तावडीत सापडतात. प्राणवायूने ऊर्जा उचलली की चमक गेली. त्याला हाकलायला द्रावणातून आरगॉनचे बुडबुडे सोडत बसण्यात माझ्या कितीतरी सकाळी गेल्या. आणि थंडीतल्या अंधाऱ्या रात्री देवबागच्या लाटांत निळा उजेड पाडणारा नॉक्टिल्युका हा सूक्ष्मजीव? त्याच्यातल्या ल्युसिफेरिन या चमकणाऱ्या द्रव्याला उजळायला प्राणवायूच लागतो. माझ्या बाटलीतला चोर तिथे तेल घालतो.

निवृत्त होऊन गावी आले तेव्हा चुलतभावाने खाडीकाठच्या कोळंबीच्या तळ्यावर नेलं. त्याच्याकडे पाण्यातला प्राणवायू मोजायचा ऑप्टिकल प्रोब आहे. त्याच्या टोकाशी अशाच एका धातूच्या कॉम्प्लेक्सचा पातळ थर असतो. प्राणवायू जितका जास्त, तितका उजेड लवकर विझतो. त्या वेगावरून मीटरवर आकडा येतो. रात्रभर तळ्यातल्या सगळ्या जिवांनी श्वास घेतलेला असतो, म्हणून पहाटे तो सर्वांत खाली असतो. फारच उतरला तर भाऊ एरेटर सुरू करतो, नाहीतर सकाळी मेलेली कोळंबी उपसावी लागते.

माझे सर्वांत तेजस्वी नमुने शोधनिबंधांत छापून आले. भावाचं तळं मात्र विझण्याच्या हिशेबावर चालतं. गळती बुजवता येत नसेल तर ती नीट मोजावी. तिच्यावरही कोणाचं तरी पोट भरतं.