वाक्याचं शेपूट

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि बोलणाऱ्याचा आवाज नेमका तिथेच पडतो. माणूस वाक्य सुरू करतो ते छाती भरून. मध्ये जरा रमतो, आणि 'नाही', 'नसावं', 'नव्हतं' इथवर पोचेस्तोवर त्याचा श्वास तरी संपलेला असतो किंवा मन पुढच्या वाक्याकडे धावलेलं असतं. पुढारी शेवटावर जोर देतात, कारण त्यांची टाळी तिथे असते. लेखक आणि विचारवंत मंडळी शेवट गिळतात. उभी हयात या मंडळींच्या मुलाखती घेण्यात गेली, पण ही गोष्ट ध्यानात आली ती माझे कान अधू झाल्यावर.

अगदी गेलेले नाहीत. ऑडिओग्रामवरची रेघ डावीकडे बरी चालते आणि उजवीकडे जाता जाता घसरते. म्हणजे खालच्या पट्टीतलं येतं, वरच्या पट्टीतलं विरतं. स्वर पोचतात, स, श, थ, फ वाटेतच राहतात. बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, ही या वयातल्या सगळ्यांचीच तक्रार. यंत्र बसवून घेतलंय. ते इमानदार आहे, पण त्याला साहित्यातलं काही कळत नाही. बशीत ठेवलेला चमचा आणि कवितेबद्दलचं एखादं मोलाचं वाक्य, दोन्ही ते सारख्याच आदराने कानात आणून सोडतं. वर पंखा असला की विचारूच नका.

छापायच्या मुलाखतीत याने काय बिघडतं, असं एका संपादकमित्राने विचारलं. रेकॉर्डर आहेच, घरी येऊन हेडफोन लावून ऐका. हे बोलणं शब्दांकन करणाऱ्याचं झालं. घरी ऐकून मला उत्तर मिळेल. उपप्रश्न कुठून मिळणार? तो त्या खोलीत, त्या खुर्चीत, उत्तराची धग असतानाच विचारायचा असतो. यादी करून नेलेले प्रश्न कुणीही विचारावेत. माझ्या लेखी मुलाखत म्हणजे उपप्रश्नच, बाकीची चौकशी.

अडचण अशी की नावाजलेल्या लेखकाकडे घोटलेली उत्तरं तयार असतात. गावचं वाचनालय, पहिली परत आलेली कथा, वडिलांचा विरोध, आईच्या ओव्या. त्यांत खोटं काही नसतं, पण शंभरदा सांगून त्यांचे काने-कोपरे गुळगुळीत झालेले असतात. तुम्ही प्रश्न कितीही आडवळणाने न्या, तो माणूस तुम्हाला सरळ आपल्या हमरस्त्यावर आणून सोडतो. त्यातून सुटायचा एकच मार्ग मला सापडला आहे. घोटलेल्या उत्तरातही कधीतरी एखादा अनपेक्षित शब्द, एखादं 'तसं म्हटलं तर', एखादा अर्धा नकार निसटतो. त्यावर बोट ठेवायचं. आणि तो बहुतेक वेळा वाक्याच्या शेपटातच असतो, जिथे आता मला पोचता येत नाही.

दुर्गाबाई भागवतांचं उदाहरण घ्या. 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि आणीबाणीविरुद्ध तिथे बोलल्या. त्यानंतर कुणीही त्यांच्यासमोर बसला की आधी कऱ्हाडच काढणार. मीही तेच केलं असतं. प्रतिभा रानडे यांच्या 'ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी'ची मला असूया वाटते ती याचसाठी. तिथे बाई कऱ्हाडच्या मांडवात अडकून पडत नाहीत. लोकसाहित्यावर बोलतात, माणसांवर बोलतात, भांडतातही. रानडे स्वतः पट्टीच्या लेखिका, तरी पानांवर आपण दिसावं असा त्यांचा हट्ट कुठे जाणवत नाही. हे मला कधीच जमलेलं नाही.

माझ्या प्रश्नांचं लोक कौतुक करत. 'प्रश्न काय सुंदर असतात हो तुमचे!' कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी हे वाक्य ऐकायला मी मुद्दाम रेंगाळत असे. पाहुणे काय म्हणाले ते कुणाला सांगता येत नसे, पण माझा प्रश्न पाठ असे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तरीही प्रकट मुलाखतवाल्यांबद्दल बोलायचा हक्क मी सोडणार नाही. दोन खुर्च्या, मध्ये टीपॉय, मागे भलाथोरला फलक आणि निवेदक प्रत्येक उत्तराला 'वा! क्या बात है!' म्हणतो. 'क्या बात है' म्हटलं की बात तिथेच संपते, हे त्याला कुणी सांगत नाही. पॉडकास्टवाल्या मुलांकडे माइक झकास आहेत, वेळेची चणचण नाही. पण तीन तासांच्या गप्पा जशाच्या तशा सोडून देण्याला ते प्रामाणिकपणा समजतात. आमच्या वेळी आकाशवाणीत टेप ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडायची असे. कापण्याआधी रीळ हाताने मागे-पुढे फिरवून शब्द कुठे संपतो ते शोधायचं, आणि त्यानंतरचा श्वास राखायचा. तो कापला गेला तर सगळे शब्द जागच्या जागी असूनही माणूस खोटा वाटायला लागे. आणि हल्ली लेखकांनी एक नवीच टूम काढली आहे: 'प्रश्न पाठवा, उत्तरं लिहून देतो.' कादंबरीकार नाबोकोव्हचं असंच होतं. प्रश्न लेखी हवेत, उत्तरंही तो लेखीच देणार. त्याच्या मुलाखती 1973 मध्ये 'स्ट्राँग ओपिनियन्स' या पुस्तकात आल्या आणि त्या वाचताना मजा येते, कारण ते नाबोकोव्हचं गद्य आहे. आपल्याकडच्या लेखी उत्तरांतून येतो तो वार्षिक अहवाल.

कानांच्या या अडचणीत मला धीर दिला तो फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शक त्रुफोने. 1962 मध्ये तो दिग्दर्शक हिचकॉकसमोर हॉलिवूडमध्ये आठवडाभर बसला तेव्हा त्याचं इंग्रजी जेमतेम होतं. मध्ये हेलन स्कॉट नावाची दुभाषी. एक प्रश्न फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत. उत्तर इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये. चित्रपटांवरच्या संभाषणांत आजही लोक पहिलं नाव त्यातून झालेल्या पुस्तकाचं घेतात. मला वाटतं, दुभाषीमुळे त्रुफोला उत्तर दोनदा मिळत होतं: आधी नुसता चेहरा आणि सूर, नंतर अर्थ. मधल्या वेळात उपप्रश्न पिकत असणार. म्हणजे मुलाखतकाराला सगळं एका झटक्यात कळलंच पाहिजे असं काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि एका माजी विद्यार्थिनीला सोबत न्यायला लागलो.

तिला का आणता, असं कुणी विचारलं की मी 'पॅरिस रिव्ह्यू'चा दाखला देतो. ते त्रैमासिक 1953 मध्ये निघालं, पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टरची मुलाखत होती. सुरुवातीच्या काळात त्यांचे मुलाखतकार बहुधा जोडीने जात, दोघेही उतरवून घेत आणि मग टिपणं पडताळून पाहत. दाखला खरा आहे आणि ऐकणाऱ्यावर छाप पडते. कानाचं मी सांगत नाही.

मध्यंतरी कोल्हापूरला एका ज्येष्ठ समाजशास्त्रज्ञ बाईंकडे गेलो होतो. शेतमजूर बायकांच्या श्रमांवर त्यांनी आयुष्य घालवलेलं. बोलता बोलता स्वतःच्या गावाचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, "गाव सुटलं त्याचं मला कधी वाईट वाटलं..." आणि पुढचं पंख्यात गेलं. मी मान डोलावली. ही मान मी अनेक वर्षं कमावलेली आहे. तिच्यात सहानुभूती असते, समज असते आणि समोरच्याला वाटतं की याला सगळं पोचलं. 'काय म्हणालात?' असं विचारलं असतं तर भागलं असतं, पण उत्तम श्रोता म्हणून माझी ख्याती आहे. पुढचा प्रश्न तयार होता: स्थलांतर, स्मृती आणि मराठी मनातलं गाव. लांबलचक, देखणा प्रश्न होता.

मी तोंड उघडायच्या आत पोरीने विचारलं, "का नाही वाटलं?"

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तुम्हा लोकांना गाव म्हटलं की गहिवर येतो," त्या म्हणाल्या. हे माझ्याकडे बघून. मग विहिरीचं सांगितलं: आपण किती अंतरावर उभं राहायचं, कोण कळशीत वरून पाणी ओतणार, ती माणसं येईपर्यंत किती वेळ थांबायचं, आणि उशीर झाला म्हणून शाळेत कोणती शिक्षा. कळशीचा काठ कसा चेपलेला होता ते त्यांनी हाताने दाखवलं. हे त्यांच्या एकाही पुस्तकात नाही. चहा आला, निवला, त्यावर साय धरली, कुणी कपाला हात लावला नाही. माझा देखणा प्रश्न वहीतच राहिला. तो मी विचारला असता तर बाईंनी सौजन्याने त्याचंही उत्तर दिलं असतं, घोटलेलं, आणि लोकांनी नंतर माझी पाठ थोपटली असती.

परतीच्या एसटीत मी तिला माइक कुठे ठेवायचा याच्यावर व्याख्यान दिलं. माइक योग्य जागीच होता. साताऱ्याच्या पुढे गेल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्हाला ते 'नाही' ऐकू आलं होतं ना?" आलं होतं, असं मी सांगितलं. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि एवढ्या एका बाबतीत तिला उपप्रश्न सुचू नये हे मला बरं वाटलं. सुचला असणारच.

मुलाखत दिवाळी अंकात जायची आहे. संपादकांनी नावं कशी छापायची ते विचारलं, तेव्हा 'मुलाखत'पुढे माझं आणि 'शब्दांकन'पुढे तिचं, असं मी कळवून टाकलं. तिला कारण दिलं ते ज्येष्ठतेचं. खरं कारण असं की पुढच्या दिवाळीला ही नावं उलटी छापावी लागतील, आणि तसं मी स्वतः होऊन सुचवेन याची मला अजिबात खात्री नाही.