कुरणांतील शेजारधर्म

कुरण म्हणजे नुसतें गवत, अशी सामान्य समजूत असते. परंतु गुडघे टेकून हातभर जमीन न्याहाळली, तर तेथें लहानमोठ्या वनस्पतींचा गजबजलेला गांवच दृष्टीस पडतो. या गांवांत भांडणें आहेत, तशीच परस्परांची पाठराखणही आहे. आणि त्यांचा निवाडा बव्हंशीं चरणाऱ्या जनावरांच्या मुखीं असतो.

आमच्या वाशीम जिल्ह्यांत कारंज्याजवळ सोहोळ येथें २००० सालीं काळविटांचें अभयारण्य झालें. त्या बाजूच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें आम्हांस वर्गांत विचारलें, “सर, हरणांनीं आमचा हरभरा खाल्ला. हीं जनावरें नसतीं, तर काय बिघडलें असतें?” प्रश्न रास्त होता. हातचें पीक एका रात्रींत गमावणें ही थट्टेची गोष्ट नव्हे.

उत्तर शोधावयास आम्ही मुलांसह माळावर गेलों. भाद्रपद सरत होता. कुंपणाआड राखलेल्या तुकड्यांत उंच गवत दाटलें होतें. त्याच्या बुडाशीं दुसरें फारसें कांहीं नव्हतें. कुंपणाबाहेर, जेथें सशांच्या लेंड्या विखुरल्या होत्या, तेथें मात्र बोटभर उंचीची विष्णुक्रांता निळ्या फुलांनीं डंवरली होती. याचें कारण सोपें आहे. गवताचा अंकुर बुडाशीं असतो, म्हणून शेंडा खुडला तरी तें पुन्हा वाढतें. पण मोकळें सोडल्यास तें धाकट्या शेजाऱ्यांचें ऊन हिरावून घेतें. ससा व काळवीट तें कुरतडतात, तेव्हां प्रकाश जमिनीवर उतरतो.

डार्विनसाहेबांनीं १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत हीच गोष्ट नमूद केली आहे. तीन फूट बाय चार फूट हिरवळींत वीस जाती होत्या. गवत कापणें थांबतांच त्यांतील नऊ नष्ट झाल्या. इंग्लंडांत १९५३ नंतर सांथीनें ससे मेले, तेव्हां अनेक माळांवर आंखूड हिरवळीच्या जागीं उंच गवत व झुडपें माजलीं.

परंतु चराई हद्दीबाहेर गेली, कीं मारवेलासारखें गोड गवतही खंगतें, आणि ज्याला गुरें तोंड लावीत नाहींत तो तरोटा राज्य करूं लागतो. अशा वेळीं बोरीचें कांटेरी झुडूप उपयोगी पडतें. एरव्हीं तें गवताच्या वाट्याचें पाणी पिणारें. पण त्याच्या कांट्यांआड मारवेलाची काडी निर्धास्त फुलते, बीं धरते आणि पुढें माळावर पसरते. भुकेलें तोंड जवळ आलें, कीं वैरीही आश्रयदाता होतो.

म्हणून माळाला ‘पडीक’ म्हणणें आम्हांस पटत नाहीं. गांवोगांवची ई-क्लास जमीन नांगरली गेली, किंवा वृक्षारोपणाच्या उत्साहांत गवतच नाहींसें झालें, तर जनावरें शेतांत येणारच. शेतकऱ्याचें नुकसान भरून निघालें पाहिजे, हें खरें. पण कुरण राखणें हेंही पिकाचेंच रक्षण होय. एक भाग चरूं द्यावा, दुसरा बीं पडेपर्यंत राखावा, असा आळीपाळीचा क्रम हितावह आहे.

विद्यार्थी मित्रहो, कोणाचें जीवित कोणाच्या दांतांवर अवलंबून आहे, हें उभ्याउभ्या कळत नाहीं. त्यासाठीं वांकून पाहावें लागतें.