दहावा दिवस

आपल्या भाषेतील काही म्हणी अशा आहेत, की त्यांचा उच्चार केलेला भाग सर्वांस पाठ असतो. परंतु त्यांनी न उच्चारलेल्या भागाचा विचार करण्याचे श्रम कोणी घेत नाही. 'नव्याचे नऊ दिवस' ही त्यांपैकीच एक होय. नऊ दिवस सरल्यावर पुढे काय, हा प्रश्न या म्हणीने मोकळाच ठेवला आहे. आणि आमच्या अल्प मतीप्रमाणे तिचे सारे शहाणपण त्या दहाव्या दिवसात साठवलेले आहे. आपल्याकडे दहाव्या दिवसाला दुसराही एक अर्थ आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. आणि तोही येथे अगदीच गैरलागू आहे असे नाही.

हा विचार आमच्या मनात आला तो बोरीच्या घरातील एका लाकडी कपाटापुढे. बोरी हे परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले आमचे मूळ गाव. उपजीविकेसाठी पुण्यास येऊन कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवू लागलो त्यास आता तीस वर्षे होत आली. वडील निवर्तल्यावर मातोश्रींस पुण्यास आणण्याचे दोन प्रयत्न केले. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांचा जीव रमेना. तेव्हापासून त्या बोरीस आणि आम्ही पुण्यास, अशी व्यवस्था आहे. दर दिवाळीस दोन दिवसांसाठी आम्ही बोरीस जातो, आणि जाताना हटकून एखादी नवी वस्तू बरोबर नेतो. गेल्या दिवाळीत जमिनीचा एक जुना कागद शोधण्यासाठी ते कपाट उघडले, तो आतून तीस वर्षांच्या नवलाईचा ढीगच अंगावर आला!

प्रथम हाती लागला तो एक पेजर. आजच्या विद्यार्थ्यांस हा शब्दही ठाऊक नसतो. १९९५ साली हे यंत्र आपल्या देशात आले. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अशी ही डबी कमरेस लावावयाची. कोणास निरोप द्यावयाचा झाल्यास त्याने कंपनीच्या कचेरीत फोन करून तो सांगावयाचा, तेथील माणसाने तो टंकावयाचा आणि आपल्या डबीने किणकिण करून तो दाखवावयाचा. १९९७ साली नव्याने नोकरीस लागलेल्या आम्ही पगाराचा मोठा हिस्सा खर्चून ही डबी घेतली. ती कमरेस लावून वर्गात शिरताना आपण विज्ञानयुगाच्या अग्रभागी आहोत असे वाटे. त्याच वर्षी बोरीस आजीला ताप आला. वडिलांनी गावातील टेलिफोनच्या बूथवरून निरोप दिला, 'आजीला बरं नाही.' आमच्या डबीवर रोमन लिपीत अक्षरे उमटली ती 'आजीला बरं' एवढीच. शेवटचा शब्द वाटेत कोठे गळाला कोण जाणे! आम्ही निश्चिंत झालो. दोन दिवसांनी खरा प्रकार कळून बोरीस पोहोचलो, तेव्हा आजी माणसे ओळखण्याच्या पलीकडे गेली होती. त्या डबीचा दोष किती, टंकणाऱ्याचा किती आणि उलट फोन करून चौकशी न करणाऱ्या नातवाचा किती, याची वाटणी आम्ही अद्याप केलेली नाही.

यावरून आम्ही यंत्रांचे वैरी झालो असतो तर ते समजण्यासारखे होते. परंतु गोष्ट इतकी सरळ नाही. पेजर आला त्याच वर्षी, म्हणजे १९९५ च्या ३१ जुलै रोजी, बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी पहिले मोबाईल संभाषण केले. त्या वस्तूची आम्ही स्टाफरूममध्ये यथेच्छ थट्टा केली होती. करणाऱ्याने पैसे मोजावेत हे ठीक. पण येणाऱ्या फोनसाठीही ज्यास पैसे पडतात, ते श्रीमंतांचे खेळणे गोरगरिबांच्या काय कामाचे, असा आमचा बिनतोड युक्तिवाद होता. २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि पुढील काही वर्षांत आमच्या गावच्या सालगड्यांच्याही खिशात ते खेळणे आले. ज्यावर श्रद्धा ठेवली तो पेजर कपाटात गेला आणि ज्याची टवाळी केली त्या मोबाईलने जग व्यापले. आमची श्रद्धा जितकी चुकली, तितकीच आमची शंकाही चुकली. दोन्ही निकाल आम्ही नऊ दिवसांच्या आतच देऊन टाकले होते.

योगायोग असा, की या लाटांचा आलेख काढण्याची कल्पनाही १९९५ सालचीच. अमेरिकेतील गार्टनर या सल्लागार संस्थेच्या जॅकी फेन यांनी तो प्रथम मांडला. नवा शोध लागतो. अपेक्षा गगनास भिडतात. मग निराशेचा खोल खड्डा येतो. त्यातून समजुतीची चढण लागते आणि शेवटी वस्तू उपयोगाच्या सपाटीवर स्थिरावते, असा तो प्रवास आहे. आलेख मोठा मनोरम आहे, आणि मोबाईलसारख्या वस्तूस तो पुष्कळसा लागूही पडतो. परंतु त्यात एक खोच आहे. खड्ड्यात पडलेली प्रत्येक वस्तू वर येतेच असे नाही. 'अवतार' हा चित्रपट २००९ च्या डिसेंबरात आला आणि त्याच्या जोरावर पुढच्याच वर्षी त्रिमितीय दूरचित्रवाणी संच दुकानांतून झळकू लागले. २०१७ साली शेवटच्या मोठ्या कंपन्यांनीही ते बनविणे सोडून दिले. आमच्या कपाटात त्या संचाचे चार काळे चष्मे निघाले. घरात माणसे पाच होती. पाचव्याने काय पाहावे याचा विचार विकणाऱ्याने केला नव्हता आणि घेणाऱ्यानेही नव्हता! वस्तू खड्ड्यात पडते तेव्हा तिचे मोल कोणाच्या खिशातून गेलेले असते, हेही तो आलेख सांगत नाही.

चष्म्यांखाली एक विद्युत्पाटी होती. २०११ च्या ५ ऑक्टोबर रोजी दिल्लीत केंद्र सरकारने 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटचे प्रकाशन केले, तेव्हा शिक्षक म्हणून आम्हांस खरोखर भरून आले होते. सव्वादोन हजार रुपयांत खेड्यातील पोराच्या हाती सारे ग्रंथालय येणार, हे स्वप्न टाकाऊ नव्हते. परंतु त्या पहिल्या पाटीचा पडदा बोट दाबून रेटल्याशिवाय ऐकत नसे. बॅटरी लवकर दम टाकी. आणि काही वर्षांतच ती योजना मागे पडली. त्या उत्साहाच्या भरात आम्ही दुसऱ्या एका कंपनीची तशीच पाटी बोरीच्या पुतण्यासाठी नेली होती. तो मुलगा ती न वापरताच पदवीधर झाला.

सर्वांत वर, अजून चकचकीत, बसली होती तीन दिवाळ्यांपूर्वीची बोलती पेटी. हाक मारावी आणि तिने वेळ सांगावी, अभंग लावावेत, पावसाचा अंदाज द्यावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धेस याहून चांगली सोबत कोणती, असे आम्ही मोठ्या तोऱ्याने म्हणालो होतो. पहिले काही दिवस गल्लीतील पोरे तिच्याभोवती गोळा होत. मग अडचणी सुरू झाल्या. जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे व तेथे वीज निर्माण होते. तथापि बोरीची वीज आपल्या मर्जीने येते आणि जाते, आणि तिच्याबरोबर पेटीची वाचाही. दुसरे, त्या पेटीस मराठी येत नव्हते. मातोश्रींनी एकदा तिला विचारले, 'जिंतूरची गाडी गेली का?' तेव्हा तिने दिल्लीच्या जंतरमंतरची माहिती हिंदीतून सांगावयास प्रारंभ केला. मातोश्री आम्हांस म्हणाल्या, 'आमच्या वडिलांना निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू शिकावी लागली. ते राज्य गेलं. आता म्हातारपणी पेटीसाठी मी हिंदी शिकू का रे, बाबा?' या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. मराठवाड्याने १९४८ च्या सप्टेंबरात जे ओझे उतरविले, ते आम्ही भेट म्हणून कागदात गुंडाळून परत आणले होते!

येथे कोणी म्हणेल, जुनी माणसे नव्यास नेहमीच नाके मुरडतात. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीस विष चढते असे शेतकरी म्हणत, आणि पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. गंमत अशी, की त्याच लक्ष्मणरावांनी त्यापूर्वी, १८८८ साली, बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. महागड्या सायकली लोक हौसेने घेत आणि ती चालविण्यास शिकण्याचे पैसे निराळे देत. हौसेची वस्तू लगेच उचलली जाते आणि कामाच्या वस्तूस दारी तिष्ठावे लागते, हा जगाचा न्याय जुनाच आहे. परंतु शेतकऱ्यांनी नांगर अखेरीस स्वीकारला तो जाहिरातीने नव्हे. नांगरलेली जमीन डोळ्यांनी पाहून. त्यांची शंका चुकीची होती, पण पाहून मत बदलण्याची त्यांची रीत चुकीची नव्हती. आमच्यासारख्या पदवीधरांपाशी नेमकी हीच रीत नाही.

मग मातोश्री काय वापरतात? त्यांच्या उशाशी दोन वस्तू असतात. एक रेडिओ, त्यावर सकाळी परभणी केंद्र लागते. दुसरा बटणांचा साधा मोबाईल, २००९ साली घेतलेला. त्याची बॅटरी तीनदा बदलली, बटणांवरचे आकडे पुसले गेले, पण बोटांस ते पाठ आहेत. बिघडला तर बाजारातील टपरीवरचा मुलगा तासाभरात दुरुस्त करून देतो. अर्थात् मातोश्री यंत्रविरोधी नाहीत. या दोन्ही वस्तू वीज गेली तरी चालतात, त्यांच्या भाषेच्या आड येत नाहीत आणि बोरीत दुरुस्त होतात. आम्ही यास बोरीची कसोटी म्हणू लागलो आहोत. २०२२ साली जगात सहा कोटी वीस लक्ष टन विद्युत्कचरा निर्माण झाला आणि त्याचा पाव हिस्साही रीतसर पुनर्वापरात गेला नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. दुरुस्तीचा प्रश्न घेण्यापूर्वीच विचारला असता, तर त्या डोंगरातील आमच्या कपाटाएवढा भाग तरी खचित कमी झाला असता.

मात्र हे सारे लिहूनही मुख्य गोष्ट राहिलीच आहे. कपाट बंद करताना आमच्या ध्यानात आले, की यांतील एकही वस्तू मातोश्रींनी मागितली नव्हती. त्यांनी मागितले होते ते इतकेच, की दोन दिवसांऐवजी चार दिवस राहावे. ते देणे जमेना म्हणून आम्ही दर वर्षी यंत्र देत गेलो. यंत्र विकणाऱ्याने आम्हांस फसविले असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्याने वस्तू विकली. आम्ही मात्र आमच्या अनुपस्थितीची भरपाई विकत घेत होतो, आणि ती कोणत्याच दुकानात मिळत नाही.

हल्ली स्टाफरूममध्ये यंत्रबुद्धीखेरीज दुसरा विषय नाही. २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस 'चॅट-जीपीटी' आले तेव्हापासून अर्धे सहकारी नव्या युगाचे भाट झाले आहेत आणि अर्धे शोकसभा भरवीत आहेत. आमचे मत विचारतात तेव्हा आम्ही एवढेच सांगतो, की पेजर आणि मोबाईल या दोहोंविषयी खात्रीने बोलून दोन्हीकडे तोंडघशी पडलेल्या माणसास आता दहाव्या दिवसापर्यंत थांबू द्यावे.

या मे महिन्यात आम्ही बोरीस गेलो ते रिकाम्या हातांनी. मातोश्रींनी पिशवीत डोकावून पाहिले आणि विचारले, 'या वेळी काही आणलं नाहीस?' आम्ही म्हणालो, 'नाही. आठ दिवस राहणार आहे.' त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि मग म्हणाल्या, 'राहणारच आहेस तर परसातला नळ गळायलाय, तेवढा बघ.'

नळ दुरुस्त करण्यास आम्हांस दोन दिवस लागले.