सोनं, पाणी आणि उचल

रविवारी रात्री जेवणानंतर आमच्या रूमचं दार लावून पाच पोरं आत काय करतात, अशी शंका रेक्टर सरांनाही येऊन गेली आहे. सर, खुलासा करतो. पत्ते नाहीत. आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो! एक जण गोष्ट सांगतो (त्याला डीएम म्हणतात, म्हणजे मी), बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि वार लागला की चुकला हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. फासा आमच्याकडे नाही. मेसच्या स्टीलच्या ग्लासात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या आहेत, त्यावर भागतं.

भांडण होतं ते जग कुठलं घ्यायचं यावरून. आणि हे भांडण पन्नास वर्षं जुनं आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ काढला, तेव्हा त्या तीन छोट्या पुस्तिकांत जगाचं असं सविस्तर वर्णन नव्हतंच. तळघर, राक्षस, खजिना... विषय संपला. गायगॅक्सचं ‘ग्रेहॉक’ हे जग १९८० साली वेगळं छापून आलं. १९८४ च्या ‘ड्रॅगनलान्स’ने कादंबरीसारखी सलग कथा आणली. १९८७ साली आलं ‘फरगॉटन रेल्म्स’. एड ग्रीनवूडने लहानपणापासून रचत आणलेलं जग! देव, राज्यं, इतिहास... आमच्या एम-थ्रीच्या पुस्तकालाही लाजवेल असा पसारा. मी त्याचा भक्त. अर्धा अर्धा तास राजघराण्यांची माहिती द्यायचो. पोरं जांभया द्यायची आणि मेकॅनिकलवाला शेवटी विचारायचा, “ते सगळं ठीक आहे, सोनं किती आहे ते बोल.”

थर्ड सेमला वैतागून मी जग बदललं. ‘डार्क सन’, १९९१ चं. वाळवंटी अथास. धातू इतका दुर्मिळ की नाणी भाजलेल्या मातीची आणि तलवारी हाडाच्या. जादू केली की आजूबाजूच्या झाडाझुडपांतला जीव शोषला जातो. मला वाटलं, चित्रं भारी आहेत, मजा येईल.

आमच्यात एक सिव्हिलवाला आहे, बीड जिल्ह्यातला. तोवर तो गुपचूप चिठ्ठी उचलायचा, आकडा सांगायचा, बस्स. त्या रात्री मेकॅनिकलवाल्याने आगीचा गोळा फेकायची घोषणा केली आणि हा पहिल्यांदा मध्ये बोलला, “थांब. झाडं किती जातील?” खेळ अडला. वीस मिनिटं वाद. शेवटी जादू रद्द झाली आणि सगळे पखाली मोजायला लागले. कोणाकडे किती घोट, जनावराला किती. सोन्याचं नाव कोणी काढलं नाही.

पुढच्या रविवारी मी ‘फ्रीडम’ हे साहस काढलं. त्यात खेळणारे टिर नावाच्या शहरात गुलाम असतात आणि राजाच्या प्रचंड मनोऱ्याच्या बांधकामावर राबतात. मी जोरात होतो. चाबूक, बेड्या, ऊन, सगळं रंगवून सांगत होतो. बाकीच्यांनी पहारेकऱ्याला मारायचा प्लॅन केला. सिव्हिलवाल्याने विचारलं, “आपण उचल किती घेतलीय?”

सगळे हसले. तो नाही हसला.

“बेड्या कशाला लागतेत? आमच्या घरचा कोयता दर दिवाळीनंतर कारखान्याला जातो. मुकादमाच्या वहीत नाव असलं की कुठं पळतंय माणूस?”

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी मगाशी चाबूक किती चवीने रंगवला होता ते आठवून कान तापले. त्या साहसात हिशेबाची वही नाही. मी तिथल्या तिथे मातीच्या पाट्या तयार केल्या, त्यावर प्रत्येकाचं देणं कोरलेलं. त्या रात्री पोरांनी पहारेकऱ्याला हातही लावला नाही. त्यांनी पाट्या फोडल्या.

मला वाटायचं, ही जगं फॅशनसारखी बदलतात. बेलबॉटम गेली, जीन्स आली. आता तसं वाटत नाही. टेबलाभोवती नवी माणसं बसली की जगाला नवे प्रश्न विचारले जातात. ऑर्क जन्मतःच दुष्ट कसे, हा प्रश्न इतका वाढला की २०२० साली कंपनीने त्यांचं चित्रण बदलत असल्याचं जाहीर केलं. २०२२ च्या ‘रेडियंट सिटाडेल’ पुस्तकात मिमी मंडल यांची बंगालच्या धर्तीवरची शंखभूमी आली. गुलामगिरी खेळायचा विषय आहे का, यावरून ‘डार्क सन’बद्दलही वाद झाले. त्यात मी ‘एवढं काय त्यात’ म्हणणाऱ्यांतला होतो. आता तेवढ्या सहज नाही म्हणवत.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला त्याला गाठलं आणि म्हटलं, “तुला नको असेल तर ते साहस बंद करू.” तो लेव्हलमधून डोळा न काढता म्हणाला, “बंद कशाला? पाट्या फुटल्या, पण मुकादम अजून जिवंत आहे ना? आणि चाबकाचं एवढं लांबवू नको, कळतंय आम्हाला.”

तर रविवारी पुन्हा बसतोय. चाबूक दोन ओळींत उरकणार आहे. रेक्टर सर, तुम्हीही या. ग्लासात चिठ्ठ्या भरपूर आहेत.