बोटाच्या टोकावरचा ठिपका

वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या घरी पिकअप गाडी असेल. दूध, भाजी, आंब्याच्या पेट्या, सिमेंट, मांडवाचे साहित्य असे काहीही तिच्यातून जाते. प्रसंगी तिच्यामागे चाकांवरचा जनरेटर जोडला जातो, नाहीतर बंद पडलेली एखादी जीप बांधली जाते. अशा गाडीची देखभाल बहुधा घरातीलच कोणीतरी, रविवारी सकाळी, अंगणात करीत असतो. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्याला वाटेल. माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितल्यावाचून त्याचे उत्तर मला देता येणार नाही.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, चिपळूणच्या बाजूला, गेली अठ्ठावीस वर्षे माझा दवाखाना आहे. कऱ्हाडकडे जाणारी वाहने इथून चढू लागतात आणि पावसाळ्यात त्यांतील काही वाटेतच थांबतात. त्यांना ओढून आणणारी एक डिझेल पिकअप आमच्या गावात आहे. तिच्या हौद्यात साखळ्या, जाड दोर, लोखंडी टो-बार, दोन जॅक आणि चाकांखाली लावायचे लाकडी ठोकळे असतात. तिचे मालक, चालक आणि दुरुस्ती करणारे एकच. सारा गाव त्यांना मिस्त्री म्हणतो. रक्तदाबासाठी ते माझ्याकडे येतात आणि माझी गाडी त्यांच्याकडे जाते. तेव्हा कोण कोणाचा वैद्य, हा प्रश्न अधूनमधून पडतोच.

त्यांच्या गॅरेजातील बाकावर बसून मी डिझेल इंजिनाविषयी जे शिकलो, ते कोणत्याही पुस्तकातून शिकलो नसतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वीपणे चालले. त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापावी आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडताच ते आपोआप पेटावे. ठिणगी लागत नाही. त्यामुळे इंजिन बिघडले की मिस्त्री प्रथम तीनच गोष्टी तपासतात : हवा येते का, डिझेल येते का आणि दाब टिकतो का.

मग धूर. आम्ही कफाचा रंग विचारतो, ते धुराचा विचारतात. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त : एअर फिल्टर तुंबलेला, टर्बोचा होज फाटलेला, इंजेक्टर गळका किंवा ओझेच अवाजवी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीच्या सकाळी थोडा वेळ येणारा पांढरा धूर त्यांना काळजीचा वाटत नाही. मात्र गाडी तापल्यावरही तो थांबला नाही, त्याला गोडसर वास आला आणि रेडिएटरमधील पाणी उतरू लागले, की ते गाडी तिथेच उभी करतात. कारण कूलंट आत सिलिंडरमध्ये शिरत असते.

ओढकाम करणाऱ्या गाडीला मिस्त्री साधी गाडी मानीतच नाहीत. नुसता माल वाहणे वेगळे आणि मागे दुसरी गाडी घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घाट चढणे वेगळे. अशा कामात इंजिन सर्वाधिक उष्णता निर्माण करते आणि वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा सर्वात कमी मिळतो. म्हणून त्यांचे ऑइल नेहमीच्या मुदतीआधी बदलले जाते, पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी वरचेवर सोडले जाते आणि घाट उतरून आल्यावर ते प्रत्येक चाकाजवळ उलटा हात नेऊन पाहतात. एकच चाक इतरांपेक्षा तापले असेल, तर तिथला ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग जात आहे. मुलाच्या कपाळाला आई हात लावते, तोच हा हात. फक्त ते तो टेकवीत नाहीत.

या हातानेच पुढे घात केला.

सात वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. घाटात अडकलेली एक जीप ओढून मिस्त्री परतले, तेव्हा पिकअपची ताकद कमी पडत होती आणि बॉनेटमधून डिझेलचा वास येत होता. त्यांनी इंजिन चालू ठेवले, बॉनेट उघडले आणि कोठे ओल लागते ते पाहण्यासाठी डावा हात इंजेक्टरकडे जाणाऱ्या पातळ पोलादी पाइपांवरून फिरवला. ही त्यांची जुनी सवय होती. ते ज्या इंजिनांवर घडले, त्यांत चालू इंजिनावर पाइपांचे नट एकेक करून सैल करीत आणि आवाज ऐकत. जो नट सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. तेव्हाही त्यात धोका होताच, पण ते निभावले. ही पिकअप मात्र कॉमन रेलची होती.

संध्याकाळी सात वाजता, रुग्णांच्या गर्दीत, ते माझ्यासमोर बसले. डाव्या तर्जनीच्या टोकावर टाचणी टोचल्याएवढा एक ठिपका. रक्त नाही, सूज नाही, वेदनाही फारशी नाही. “काटा टोचल्यागत झालं, डॉक्टरसाहेब. बोट जरा बधिर वाटतंय.” मी बोट स्पिरिटने पुसले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, वेदनाशामक गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. हे सगळे दोन मिनिटांत झाले असेल.

रात्री दोनला त्यांच्या पत्नीचा फोन आला. मी गेलो तेव्हा बोट कोनफळासारखे फुगले होते, टोक पांढरे पडले होते, सूज तळव्यात उतरली होती आणि हा एरवी कधीही न कण्हणारा मनुष्य उशीत तोंड खुपसून बसला होता. मी कऱ्हाडच्या एका शल्यचिकित्सक मित्राला उठवले. त्याचा पहिला प्रश्न होता, “टोचलं काय?” दुसरा, “किती वाजता?” आणि तिसरा, “पाइपात दाब किती होता?” तिसऱ्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. मी मिस्त्रींकडे पाहिले. “कॉमन रेल हाय, साहेब. इंजिन चालू व्हतं,” ते म्हणाले. पलीकडे मित्र क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “आत्ता निघा. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नकोस.”

वाचकहो, आपल्या गाडीच्या टायरमध्ये साधारण ३५ पौंड हवा असते. कॉमन रेलच्या पाइपात डिझेलचा दाब १६०० बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहूनही वर जातो. टायरच्याच मापात सांगायचे तर २३ हजार पौंडांहून अधिक. अशा पाइपाला केसाएवढी चीर गेली, तर तिच्यातून निघणारी धार डोळ्यांना नीट दिसतही नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. आत गेलेले डिझेल बोटातच राहत नाही. स्नायुबंधाच्या आवरणातून, नळीतून जावे तसे, तळव्याकडे धावते. तिथे ते पेशी जाळते आणि सुजेने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पहिल्या काही तासांत बाहेर दिसतो तो केवळ एक ठिपका, आणि बधिरपणामुळे दुखणेही कमी. दुखापत किरकोळ आहे असे रुग्णाला आणि डॉक्टरलाही वाटावे, अशीच तिची मांडणी असते. मी फसलो तो इथे.

त्या रात्री माझ्याच गाडीतून आम्ही घाट चढलो. पाऊस आणि धुके असे की पुढचे वळण अंगावर आल्यावरच दिसे. मिस्त्री शेजारी हात उंच धरून बसले होते. एका वळणावर ते डोळे न उघडता म्हणाले, “क्लचवरचा पाय काढा. वास येतोय.” मी पाय काढला. त्यानंतर कऱ्हाडपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.

शस्त्रक्रियागृहात मी उभा होतो. बोट आणि तळवा मनगटापर्यंत उघडला तेव्हा त्या स्वच्छ खोलीत डिझेलचा वास पसरला. तो मला अजूनही पेट्रोल पंपावर उभा असलो की आठवतो. आठवड्यात आणखी दोनदा जखम उघडून साफ करावी लागली. हात वाचला. तर्जनीची दोन पेरे गेली.

अशा दुखापतीत पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाली, तर बोट वाचण्याची शक्यता बरीच वाढते. ठिपका पाहिला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. आम्ही निघालो तेव्हा पहाटेचे अडीच. पुढे टाके काढताना मी त्यांना हे स्पष्ट सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्या तरी कुठं सगळं सांगितलं? काटा टोचल्यागत झालं एवढंच बोललो.” हा त्यांचा मोठेपणा झाला. रुग्ण अर्धेच सांगतो. उरलेले अर्धे विचारून घेण्याचेच तर आम्हाला पैसे मिळतात. इंजिनाला काय झाले हे मिस्त्री तीन प्रश्नांत शोधतात, आणि मी त्यांना “कशाने टोचले?” हा एक प्रश्नही विचारला नाही.

म्हणून आपल्याला सांगतो. चालू डिझेल इंजिनावर गळती हाताने शोधू नका; हातमोजा घालूनही नाही, कारण ती धार मोजाही भेदते. इंजिन बंद केल्यावरही पाइपातील दाब उतरायला थोडा वेळ द्यावा लागतो, आणि कॉमन रेलचे नट चालू इंजिनावर सैल करायचेच नाहीत. इंजेक्टर तपासायचा तर स्कॅनर आहे. मिस्त्री आता चारही इंजेक्टरांच्या रिटर्न पाइपांना छोट्या बाटल्या जोडतात आणि कोणती बाटली लवकर भरते ते पाहतात. एवढे करूनही धार लागलीच, मग ती डिझेलची असो, ग्रीसगनची असो वा जॅकच्या हायड्रॉलिक तेलाची, तर बोट दाबून पिळू नका, शेकू नका, अंगठी लगेच काढा, हात उंच धरा, वेळ लिहून ठेवा आणि हाताची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात थेट जा. दुखत नसले तरी जा. वाटेत माझ्यासारखा डॉक्टर भेटला आणि “काही नाही, किरकोळ आहे” म्हणाला, तर त्याला नम्रपणे दाबाचा आकडा सांगा. (माझ्या व्यवसायबंधूंसाठी एक ओळ : अशा बोटाच्या मुळाशी बधिरतेचे इंजेक्शन देऊ नये, आधीच कोंडलेल्या जागेत त्याने दाब वाढतो.)

याच गाड्यांमुळे माझ्याकडे येणारे इतर रुग्ण मी ओझरते सांगतो. तोंडाने नळी ओढून डिझेल काढणारे तरुण दरवर्षी येतात. डिझेल पोटात गेल्यापेक्षा फुप्फुसात गेल्याने घात होतो. म्हणून अशा वेळी मीठपाणी पाजून उलटी करवू नये, आणि खोकला किंवा धाप लागली तर घरी थांबू नये. हातपंप फार महाग नसतो. घाटात गाडी तापली की रेडिएटरचे झाकण उघडायची घाई नडते. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते आणि झाकण सुटताच चेहऱ्यावर व छातीवर येते. भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते पाणी धरावे; टूथपेस्ट नको, हळद नको. उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नये. ते चवीला गोड असते आणि मूत्रपिंडे निकामी करते. मुलांना रंगीत बाटली एवढेच कळते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करण्याविषयीही सांगायला हवे : डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे.

आणि ओढताना : बंद इंजिनाच्या गाडीत ब्रेक लागतो, पण पायाला दगडासारखा जड लागतो, स्टिअरिंगही जड होते. चावी काढून घेतली तर स्टिअरिंग कुलूपबंदच होते. मागच्या गाडीत जो बसणार, त्याला हे आधी सांगावे. उतारावर दोर वापरू नये, टो-बार वापरावा. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तो तुटला तर पाय मोडतो. मिस्त्री दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकतात, तुटला तरी तो उसळू नये म्हणून.

दुसऱ्या महिन्यात ते कामावर परतले. नवा पाइप बसवण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. गॅरेजातील पोराला लांब काठीला पुठ्ठा बांधायला लावला, सर्वांना दूर उभे केले, इंजिन चालू केले आणि पुठ्ठा त्या पाइपाजवळ नेला. मग इंजिन बंद करून तो पुठ्ठा घेऊन ते माझ्या दवाखान्यात आले आणि टेबलावर ठेवून गेले. सुरीने कापावी तशी त्याला एक बारीक चीर पडली आहे. तो माझ्या खणात आहे. गॅरेजमधून कोणी बोट दाखवायला आले, की मी आधी तो त्यांच्यासमोर ठेवतो आणि विचारतो, “कशाने टोचलं?”