घराखालची जमीन

मैत्रिणींनो, नवं घर बघायला गेलो की आपण काय काय बघतो! ओटा किती लांब आहे, नळाला पाणी किती वेळ येतं, पापड-कुरडया वाळत घालायला गच्ची मिळेल का, शाळा आणि स्टेशन किती अंतरावर आहेत. भिंतीला ओल आहे का, तेही हात लावून बघतो. पण ते घर ज्या जमिनीवर उभं आहे ती कशी आहे, आणि पावसाचं पाणी तिच्यावरून आजवर कुठून कुठं जात होतं, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. बांधणाऱ्यानं ते पाहिलंच असेल, असं धरून चालतो.

आज मी तुम्हांला दोन ठिकाणी नेणार आहे. एक अंबरनाथजवळचं पालेगाव. तिथं स्टेशनवरून रिक्षानं जाता येतं. दुसरं कॅनडाच्या अगदी उत्तरेला, मॅकेन्झी नदीच्या मुखाशी. तिथं आपण नकाशावरूनच जाऊ. एकीकडे घामानं जीव नकोसा होतो, तर दुसरीकडे जमीनसुद्धा गोठलेली. पण पाण्याच्या शेजारी संसार थाटायचा तर जमिनीचा स्वभाव ओळखावा लागतो, हे दोन्हीकडे सारखंच.

खाचरांचं गाव

अंबरनाथ स्टेशनला पूर्वेकडे उतरून पालेगावच्या वाटेला लागलात की मलंगगडाची डोंगररांग दिसू लागते. पावसाळ्यात आलात तर फारच छान. डोंगर हिरवेगार झालेले असतात आणि कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत असतात. मूळ गाव लहानसं. एका बाजूला औद्योगिक वसाहत आणि आता भोवती उंच उंच इमारती. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून कितीतरी कुटुंबं इथं राहायला आली आहेत. पण दोन इमारतींच्या मधे जिथं जमीन मोकळी उरली आहे, तिथं भाताच्या खाचरांचे बांध ओळखू येतात.

ते बांध जरा थांबून पाहा. इथं तळाशी काळा कातळ, त्यावर मुरूम आणि त्यावर थोडी माती. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थरावर थर साचून झालेला बेसॉल्ट. आपला सह्याद्री त्याचाच. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कातळात पाणी सहजासहजी मुरत नाही. मग एवढ्या पाण्यानं जायचं कुठं?

शेतकऱ्यानं याचं उत्तर शोधून ठेवलं होतं. उतारावर जिन्याच्या पायऱ्यांसारखी खाचरं करायची. एक भरलं की बांधाच्या तोंडातून पाणी खालच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्यात, असं थांबत थांबत ते ओढ्याला मिळायचं. भात तर पिकायचाच, पण धावत्या पाण्याचा जोरही मोडायचा. खाचर भरावानं उंच केलं आणि त्यावर फरशी घातली की तेच पाणी थांबायचं सोडून धावत सुटतं. जाणार कुठं? तर शेजारच्या सखल जागेत.

अंबरनाथचं पाणी वाहून नेते ती वालधुनी नदी. काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरात ती उगम पावते. काकोळ्याला जुन्या जीआयपी रेल्वेनं बांधलेला तलाव आहे. पुढं वालधुनी आपल्या प्रसिद्ध शिवमंदिराजवळून जाते. शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहार राजांच्या काळातलं हे देऊळ. काळ्या दगडाचं हे देऊळ साडेनऊशेहून अधिक पावसाळे नदीच्या काठावर उभं आहे. आज त्या नदीला कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्यानं पार नाल्याची कळा आली आहे, पण पावसाळ्यात ती नदीसारखीच वागते. उल्हासनगरातून जात जात ती कल्याणला उल्हास नदीला मिळते.

खाडी का आणि त्रिभुज प्रदेश का नाही?

शाळेत भूगोलाच्या तासाला मुलं हमखास विचारतात, गंगेला, गोदावरीला, कृष्णेला त्रिभुज प्रदेश आहे, मग आपल्या उल्हासला का नाही? प्रश्न चांगला आहे. नदी लांबून, सपाटीवरून, खूप गाळ घेऊन येते आणि समुद्राजवळ संथ होते, तेव्हा तिच्या हातून तो गाळ सुटतो. साचलेल्या गाळातून ती फाटे फोडत जाते आणि पंख्यासारखी नवी जमीन तयार होते. आपली उल्हास राजमाचीच्या परिसरातल्या डोंगरातून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचाच प्रवास करते. उतार मोठा, खडक कठीण, त्यामुळं गाळ बेताचा. शिवाय समुद्राची भरती रोज दोनदा नदीत घुसून सगळं ढवळून काढते. म्हणून तिच्या मुखाशी जमीन पुढं सरकत नाही. उलट समुद्रच खाडी होऊन आत येतो. कल्याणच्या दुर्गाडीखाली जे पाणी दिसतं त्यात त्याचाही वाटा असतो.

यात एक गंमत आहे बरं का. मावळात आंध्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे, कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाकडे जाणारं. टाटांच्या कंपनीनं त्या नदीवर ठोकरवाडीला धरण बांधलं आणि १९२२ मध्ये ते पाणी घाटाखाली भिवपुरीला सोडून वीज करायला सुरुवात केली. वीज करून झाली की ते पाणी पेज नदीत येतं आणि पेजेतून उल्हासमध्ये. म्हणून उल्हास भर उन्हाळ्यातही वाहती राहते आणि बदलापूरच्या बंधाऱ्यावरून तिचं पाणी आपल्या नळांना येतं. घाटापलीकडे पडलेल्या पावसावर इथं आमटी शिजते!

गोठलेली जमीन

आता नकाशावर थेट उत्तरेला चला. मॅकेन्झी ही कॅनडातली सर्वांत लांब नदी. ती उत्तरेकडे वाहत जाऊन आर्क्टिक महासागराच्या ब्यूफोर्ट समुद्राला मिळते. तिचा त्रिभुज प्रदेश सुमारे तेरा हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या तिप्पट. त्यात नदीचे असंख्य फाटे आणि लहानमोठी चाळीस हजारांहून जास्त तळी.

एवढं पाणी आहे म्हणजे पाऊसही धो धो असेल, असं वाटेल. पण तिथल्या इनुविक गावी पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर पाणी पडतं. आपल्या एक दशांश! मग तळी कशी साठतात? तर जमीन खाली गोठलेली आहे म्हणून. वर्षाचं सरासरी तापमान शून्याखाली आठ अंशांच्या आसपास असल्यानं तिथली माती शतकानुशतकं वितळलेलीच नाही. अशा कायम गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. त्रिभुज प्रदेशात तिची जाडी काही दशक मीटर आहे, तर पूर्वेकडच्या जुन्या जमिनीत ती पाचशे मीटरहूनही खोल जाते. उन्हाळ्यात फक्त वरचा थोडा थर मोकळा होतो. त्यातलं पाणी खाली मुरू शकत नाही, म्हणून ते वरच साचतं. कातळामुळं आपल्या खाचरात जे होतं, तेच तिथं गोठलेल्या मातीमुळं होतं.

खोल तळ्यांच्या खालची माती मात्र गोठत नाही, कारण वर पाण्याची दुलई असते. अशा तळ्यातलं पाणी वाहून गेलं की ती उघडी पडलेली माती चारी बाजूंनी गोठू लागते. आत कोंडलेलं पाणी वर रेटा देतं आणि जमीन पुरीसारखी फुगते. पोटात बर्फ असलेल्या या टेकड्यांना पिंगो म्हणतात. तुक्तोयाक्तुक गावाजवळचा इब्युक नावाचा पिंगो जवळजवळ पन्नास मीटर उंच आहे, म्हणजे पालेगावातल्या पंधरा-सोळा मजली इमारतीएवढा.

आणि पूर? तोही आहेच. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वसंतात वरच्या भागातलं बर्फ आधी वितळतं, पण मुखाकडचं अजून घट्ट असतं. वाहत आलेले हिमखंड तिथं अडकतात, नदी तुंबते आणि पाणी काठ सोडून पसरतं. त्याच पुरानं तळ्यांना नवं पाणी आणि गाळ मिळतो.

तिथली घरं

ओल्या मातीचा गोळा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर दगडासारखा होतो. तोच बाहेर काढून ठेवला की तासाभरात चिखल. तिथल्या घरांचं हेच दुखणं आहे. घर सरळ जमिनीवर बांधलं आणि आत शेगडी पेटवली, की त्या उबेनं खालची जमीन वितळते आणि घर एका कोपऱ्यात खचतं. म्हणून इनुविकमध्ये घरं खांबांवर उचललेली असतात. खालून थंड वारा खेळता राहिला पाहिजे, जमीन गोठलेलीच राहिली पाहिजे. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही पुरलेले नसतात. ते ऊबदार पेट्यांतून जमिनीच्या वरून घरोघर नेलेले असतात.

इनुविक हे गाव वसलं तेसुद्धा पाण्यामुळं. आधीचं मोठं गाव अक्लाविक. ते त्रिभुज प्रदेशाच्या ऐन मध्यात होतं. पूर यायचा, काठ ढासळायचा. म्हणून सरकारनं १९५० नंतरच्या दशकात पूर्वेच्या उंच जागेवर इनुविक बांधलं. पण अक्लाविकचे बरेच लोक घर सोडून गेले नाहीत आणि ते गाव आजही आहे. आपल्या उंबऱ्यावरची माया कुठंही सारखीच!

तुक्तोयाक्तुकच्या लोकांनी तर गोठलेल्या जमिनीचा कोठारासारखा उपयोग केला. १९६३ मध्ये त्यांनी तीसेक फूट खोल, शिडीनं उतरायचं सामायिक कोठार खोदलं. मासे आणि मांस ठेवायला विजेशिवाय चालणारा फ्रीज! पण आता तिथली हवा तापते आहे. जमीन सैल पडते आहे, समुद्र किनारा खातो आहे. २०२० मध्ये तिथली काही घरं किनाऱ्यावरून उचलून आत न्यावी लागली. जगातल्या गोठलेल्या जमिनीत हवेतल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कार्बन कोंडलेला आहे. तो सुटू लागला तर हवा आणखी तापेल, आणि तिची झळ आपल्यालाही लागेल.

आपण काय करावं?

आपली जमीन वितळत नाही, पण तिच्यावरच्या पाण्याच्या वाटा बुजवल्या जातात. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी काठ सोडून वाहिल्या आणि बदलापूर, उल्हासनगर, कल्याणात घराघरांत पाणी शिरलं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात तासन्‌तास अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते, त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया. सगळे सुखरूप बाहेर आले, पण नदीला किती जागा लागते ते त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

तेव्हा घर घेणार असाल तर ती जागा एकदा जुलैच्या मोठ्या पावसात बघून या. उन्हाळ्यात सगळ्याच जागा कोरड्या आणि छान दिसतात. गावातल्या जुन्या आजीबाईंना विचारा, पाणी कुठं साचायचं आणि ओढा कुठून जायचा. त्यांना शेत न्‌ शेत ठाऊक असतं. भूमी अभिलेख कार्यालयात गावाचा नकाशा पाहायला मिळतो. त्यावर ओढा आहे आणि जागेवर नाही, असं असेल तर सावध व्हा. नदीजवळ पूररेषांची चौकशी करा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

आणि घर घेऊन झालं असेल तरी हातात बरंच असतं. सोसायटीच्या सभेला बहुधा पुरुषच जातात. या वेळी तुम्ही जा. सगळ्या आवारात फरशी घालायचा ठराव आला तर थोडी माती उघडी ठेवायला सांगा. डागडुजीचा राडारोडा मागच्या नाल्यात टाकू देऊ नका. आणि मृगाच्या आत दोघी-तिघी मिळून इमारतीच्या मागं एक फेरी मारा. पाणी कुठून येतं आणि त्याला जायला वाट मोकळी आहे ना, तेवढं डोळ्यांनी बघून ठेवा.