सिंगालीलाच्या माथ्यावरील एक निवांत दिवस

दार्जिलिंग जिल्ह्यातील माणेभंज्यांगपासून फालूतपर्यंत सिंगालीला डोंगररांगेच्या माथ्यावरून सुमारे ५० किलोमीटरची वाट जाते. भारत आणि नेपाळ यांच्या सीमेलगत ती चालते. कित्येक ठिकाणी तर तीच सीमा असते. या वाटेवरील तुमलिंग ते कालपोखरी हा तेरा-चौदा किलोमीटरचा टप्पा. त्यासाठी आम्ही एक संपूर्ण दिवस राखून ठेवला होता.

तुमलिंग नेपाळच्या इलाम जिल्ह्यात आहे. एप्रिलमधील ती पहाट निरभ्र होती. उत्तरेस ८,५८६ मीटर उंचीची कांचनजंगा आणि तिच्या शेजारची शिखरे मिळून एक आडवी आकृती दिसते. तिला सारे 'निद्रिस्त बुद्ध' म्हणतात. स्वयंपाकघरात चहासाठी बसलो तेव्हा आमच्या मनगटावर साडेसहा वाजले होते, भिंतीवरील घड्याळात पावणेसात. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे. "दिदी, यातले खरे घड्याळ कोणते?" असे विचारताच घरमालकीण हसून हिंदीत म्हणाल्या, "चुलीला दोन्ही चालतात."

तुमलिंगहून वाट गैरीबासपर्यंत उतरते. मध्येच गवतात सीमास्तंभ दिसतात. त्यांच्या दोन्ही बाजूंस एकाच कळपातील गाई चरत होत्या. गैरीबासला सशस्त्र सीमा दलाच्या जवानाने ओळखपत्रे पाहिली, नावे लिहून घेतली आणि पुढील चढ सावकाश चढण्याचा सल्ला दिला.

ही सीमा युद्धातून जन्मली. इंग्रज आणि गोरखा यांच्यातील लढाईनंतर १८१६ मध्ये सुगौलीचा करार अमलात आला आणि मेची नदीच्या पूर्वेकडील डोंगर नेपाळच्या हातून गेले. १९५० च्या मैत्री करारानंतर मात्र दोन्ही देशांच्या नागरिकांना येण्याजाण्याची मुभा राहिली. पाण्याचा हिशेब आणखी निराळा आहे. पश्चिम उतारावरचे पाणी माई नदीतून गंगेच्या खोऱ्यात जाते, पूर्वेकडचे रंगीत आणि तिस्ता यांमधून ब्रह्मपुत्रेला मिळते. पुढे बांगलादेशात दोन्ही प्रवाह पुन्हा एक होतात.

गैरीबासनंतरचा चढ १९९२ मध्ये घोषित झालेल्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून जातो. गुरांसाची लाल फुले वाटेवर अंथरली होती. नेपाळचे हे राष्ट्रीय फूल दोन्ही उतारांवर सारखेच बहरते. बांबूच्या दाट झाडीत लाल पांडा राहतो. त्याचे दर्शन झाले नाही, परंतु त्या निमित्ताने आम्ही तासभर निःशब्द बसून राहिलो. खालच्या रस्त्यावरून संदकफूकडे जाणाऱ्या जीपगाड्या तेवढ्या वेळात चार गेल्या.

दुपारी धुके दाटले. कालपोखरीला पोहोचलो तेव्हा ज्या तळ्यावरून गावाला नाव पडले, त्याचे काळे पाणी जेमतेम दिसत होते. रात्री भात, डाळ आणि रायोची भाजी वाढताना तेथील गृहिणीने आपली हकीकत सांगितली. तिचे सासर सीमेच्या एका बाजूला, माहेर दुसऱ्या बाजूला, एका दिवसाच्या चालीवर. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सीमा बंद झाली आणि त्याच काळात तिचे वडील वारले. "त्या वर्षी प्रथमच कळले, की माझे माहेर परदेशात आहे," एवढेच ती म्हणाली आणि आमच्या ताटात आणखी भात वाढला.

माणेभंज्यांगहून संदकफूपर्यंत आता गाडी काही तासांत पोहोचते. वृद्धांची आणि आजाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मात्र चालतच जावे. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. पावसाळ्यात उद्यान बंद असते. ओळखपत्र आणि उबदार कपडे बरोबर असावेत, आणि हाताशी एक दिवस जास्तीचा असावा. या डोंगरावरची माणसे सावकाश बोलतात. ऐकणाऱ्याला घाई असून चालत नाही.